चार नंबरचा फाउल

आमोणे, रविवार, ११ ऑगस्ट २०२४

दादा,

हा तिसरा कागद आहे. पहिल्या दोनांवर खाडाखोड झाली, आणि खाडाखोडीचे पत्र इंग्लंडपर्यंत पाठवणे मला बरे वाटेना. पत्ता तू आईला पाठवलेल्या चॉकलेटच्या खोक्यावरून घेतला आहे. स्विंडनचे स्पेलिंग तीनदा ताडून पाहिले. तुला फोनवर लिहिले की माझ्या मेसेजपुढे एकच खूण येते आणि ती एकच राहते. म्हणून टपाल.

आई बरी आहे. तिचा गुडघा पावसात धरतो, पण ते ती तुला सांगणार नाही. मी अजून डिचोलीच्या छापखान्यातच आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, बाराव्याची निमंत्रणे, सगळ्यांची मुद्रिते मीच तपासतो. बारावी नापास माणसाकडे हायस्कूलचे मास्तर आपल्या मुलीची पत्रिका तपासायला देतात याची मालकांना गंमत वाटते. तीन वर्षांत माझ्या नजरेखालून एकही चुकीचे नाव गेलेले नाही. ही बढाई नव्हे. मला भीती वाटते, म्हणून चुका होत नाहीत.

आपल्या बास्केटबॉल टीमचे सांगतो. गेल्या मोसमात आपले मुलगे उपांत्य सामन्यात बावीस गुणांनी मागे होते. शेवटचे एक मिनिट उरले होते. समोरचे लोक, छप्पर असलेल्या कोर्टावर वाढलेले, बॅगा भरू लागले. आपल्या पाच जणांनी त्या मिनिटात मैदानभर त्यांच्या अंगावर जाऊन चेंडू दोनदा हिसकावला आणि सहा गुण केले. सोळांनी हरलो. पण बॅगा भरणारे उभे राहून टाळ्या वाजवत होते. टेकडीवरचे आपले कॉलेज, चिऱ्याचा कठडा, उतरते सिमेंटचे कोर्ट, मार्चमध्ये त्यावर पडणारा काजूचा पाला, आणि तिथली ही मुले. मी काहीच खेळलेलो नाही, तरी परतताना बसमध्ये मला माझीच छाती मोठी वाटत होती.

सामन्यांचे गुण आणि फाउल लिहायची माझी वही आता अकरावी चालू आहे. पहिलीवर अजून बाबांचे अक्षर आहे. शनिवारी टिपर टेकडीखाली लावून ते आपल्याला सामना बघायला वर न्यायचे आणि म्हणायचे, आठवते? "आमी कॉलेजांत गेलों ना म्हण कितें जालें? कॉलेजाचो खेळ पळोवपाक कोण आडायता?"

यंदा टीमला पंचवीस वर्षे होतात. डिसेंबरात जुन्या खेळाडूंचा सामना आहे, आणि खेळाच्या खोलीत सगळ्या कप्तानांच्या नावांची पितळी पाटी लागणार आहे. तिचा मजकूर आमच्याकडे आला. वर्षे पंचवीस, नावे चोवीस. २०१९–२० पुढे नुसती रेघ आहे. मालकांना वाटले, नाव चुकून राहिले. मी म्हटले, नाही, तसेच आहे.

तुमच्यातला चौदा नंबर, अक्षय, त्याचे गेल्या वर्षी लग्न झाले. पत्रिका मीच तपासली. तो छापखान्यात तासभर बसला होता. बाकी विशेष नाही.

रविवारी तुझा फोन आला की आई स्पीकर लावते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसलेला असतो. तू "जेवली मगो?" म्हणतोस ते मला ऐकू येते. तुला कळू नये म्हणून मी भांडेसुद्धा वाजवत नाही.

तुझा भाऊ,
गौरेश


आमोणे, रविवार, १५ सप्टेंबर २०२४

दादा,

चवथ झाली. गणपतीवरची फळापानांची माटोळी मी बांधली, पण तू बांधायचास तशी झाली नाही. नारळांची पेंड एका बाजूला झुकली. आई काही बोलली नाही, म्हणजे तिला दिसले.

शेजारच्या मालतीकाकी आरतीला आल्या होत्या. म्हणाल्या, "दत्ता औंदूंय येवंक ना? इतलीं वर्सां राग धरून कोण बसता गो? एक मॅच ती."

आई म्हणाली, "मॅच न्हय ती."

त्या गेल्यावर तिने मला विचारले, "मागीर कितें तें? म्हाका एकदां सारकें सांग." पाच वर्षांत तिने कधी विचारले नव्हते. मी तिला सांगितले तसेच इथे लिहितो. कुठे चुकत असेल तर तू दुरुस्त कर.

मी सांगितले की बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. कुणाचा कितवा, हे टेबलावरचा माणूस पुस्तकात लिहितो. मी सांगितले की आपल्या टीमला शिकवणाऱ्या नारायण सरांचा पहिल्या वर्षापासून एक नियम आहे: फाउल केला की पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही, आपला हात आपण वर करायचा. बाकीची कॉलेजे हसतात. सर म्हणतात, "जोरान खेळपाक जाय जाल्यार हात वयर करपाक जाय. जाका हात वयर करपाची भीत ना, तोच आंगार वता." आपली मुले इतकी अंगावर जाऊन खेळतात आणि तरी कुणाशी भांडण होत नाही, ते या हातामुळे.

मग मी जानेवारी २०२० सांगितला. सामना आपल्याच कोर्टावर होता, म्हणून टेबलावर माणूस आपला. नेहमीचे मास्तर तापाने आजारी. सर म्हणाले, गौरेशला बसवा, त्याची वही मी पाहिली आहे. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याचे पुस्तक, आणि लिहिणारा मी, सतरा वर्षांचा. तू कप्तान, चार नंबर. एक मिनिट पन्नास सेकंद उरले असताना तू फाउल केलास आणि हात वर केलास. आपण तीन गुणांनी पुढे होतो. मी पाचाचा फलक उचलला.

तू टेबलाकडे आलास. "चार जाले म्हजे."

मी पुस्तक पाहिले. "पांच."

"गौरेश, बरो पळय."

"पांच आसात, दादा."

तू जाऊन बाकावर बसलास. आपण एका गुणाने हरलो. सामन्यानंतर कप्तानाला पुस्तकावर तक्रारीची सही करता येते. तू केली नाहीस. लोक म्हणाले, खरा असता तर केली असती. म्हणाले, कुठेतरी मध्ये एक फाउल हात वर न करता गेला, आणि तोही कप्तानाचा. त्या वर्षीच्या निरोप समारंभाला तू गेला नाहीस, आणि सरांनी भिंतीवरच्या कप्तानांच्या यादीत तुझे नाव लिहिले नाही.

आईने सगळे ऐकले. मग म्हणाली, "आनी पुस्तक बरोबर आशिल्लें?"

पुस्तकात पाच होते. जे होते ते मी सांगितले. याहून मी काय करायला हवे होते, ते मला कळत नाही.

गौरेश


डिचोली, रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

दादा,

पत्रे परत आलेली नाहीत, म्हणजे पोचली असे मी धरतो.

मागच्या पत्रातले शेवटचे वाक्य खरे नाही. छापखान्यात असे वाक्य आले असते तर मी त्याखाली रेघ ओढली असती.

हे पत्र कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून लिहीत आहे. आत्ताच मुलींचा सामना संपला. मुलींची कप्तान ऋतिका नावाची आहे. ती इब्रामपूरहून पहिल्या बसने येते, साडेसहाच्या सरावाला सव्वासहाला हजर असते. आज वीस सेकंद उरली असताना आपण एका गुणाने पुढे होतो. बास्केटखाली गर्दी झाली, चेंडू बाहेर गेला, पंचाने चेंडू आपल्याला दिला. त्याने काहीच पाहिले नव्हते. ऋतिकाने हात वर केला.

पंच म्हणाला, "हात कित्याक? चेंडू तुमचो."

"म्हजी कोपर लागली सर तिका."

"म्हाका दिसली ना."

"म्हाका लागलेली कळली."

त्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत पडले. पुढची वीस सेकंदे आपल्या मुली वाघिणीसारख्या धावल्या, पण चेंडू कड्याला लागून बाहेर आला. हरलो. ऋतिका पाणी प्यायली आणि मैत्रिणीला म्हणाली, "फाल्यां कोपर सांबाळूंक जाय." बस, एवढेच. रडली नाही. मी कठड्यावर वही घेऊन बसलो होतो आणि मला तिचा फाउल लिहिता येत नव्हता. पेन चालेना.

आता अक्षयचे. तो पत्रिकेचे मुद्रित बघायला आला तेव्हा वाट बघता बघता गप्पा निघाल्या. हसत म्हणाला, "अरे, तो दुसऱ्या क्वार्टरांतलो फाउल म्हजो आशिल्लो. रिबाउंडाच्या गर्दींत. हांवें हात वयर करूंक ना, सर बाकार बसयतले म्हण भियेलों. तो दत्ताचेर कसो गेलो, देव जाणा." मग म्हणाला, "पत्रिकेंत बापायचें नांव बरोबर आसा मरे?" मी म्हटले, बरोबर आहे.

हे गेल्या वर्षी एप्रिलात. सोळा महिने मी ते तुला कळवले नाही, आणि पहिल्या पत्रात लिहिले की बाकी विशेष नाही.

पण मी अक्षयच्या आड लपणार नाही. तो फाउल तुझ्यावर कसा गेला ते देवाला विचारायला नको. चौदाची खूण म्हणजे एका हाताची मूठ आणि दुसऱ्या हाताची चार बोटे. चाराची खूण म्हणजे नुसती चार बोटे. पंचाने टेबलाकडे वळून खूण केली तेव्हा एक राखीव खेळाडू उठून माझ्यासमोर आला. मला एकच हात दिसला. चार बोटे. दुसरा हात त्याच्या पाठीआड होता. पंचाला पुन्हा विचारायला हवे होते. टेबलावरच्या माणसाला तो हक्क असतो. पण शिक्क्याचे पुस्तक पहिल्यांदाच माझ्यासमोर होते, आणि बाजूला तालुक्याच्या क्रीडा संघटनेचे लोक बसले होते. पुन्हा विचारले तर म्हणतील, पोराला कळत नाही. माझे पेन थांबले. मग मी तुझ्या नावापुढे लिहिले.

दादा, यातले सर्वात वाईट हे नाही. बोटे दिसली नाहीत तरी मला कळायला हवे होते. त्या गर्दीत तू होतास आणि तू हात वर केला नव्हतास. तेवढे पुरे होते. नऊ वर्षांचा असल्यापासून मी या टीमची वही लिहितो. हा फाउल तुझा नाही, हे सांगायला तुझा खाली असलेला हात पुरेसा होता, आणि मी त्याच्यापेक्षा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. तू टेबलाशी येऊन "बरो पळय" म्हणालास तेव्हा मला ते पेन थांबलेले आठवले. आणि मी म्हणालो, पांच आसात.

हे वाचल्यावर तू पुढची पत्रे उघडली नाहीस तरी मी लिहीन.

गौरेश


आमोणे, रविवार, १० नोव्हेंबर २०२४

दादा,

सरांना सांगायला गेलो होतो. सांगितले नाही.

पाटीचे मुद्रित घेऊन खेळाच्या खोलीत गेलो. सर चेंडूत हवा भरत होते. तुझा चार नंबरचा बनियन अजून कपाटात घडी करून आहे. तो नंबर आता कुणाला देत नाहीत. का, ते मी विचारले नाही.

"तपासलें?" सर म्हणाले.

"तपासलें. सर, ही रेघ..."

"ती रेघ राहूं दी. कप्तान बरो आशिल्लो. म्हज्या पंचवीस वर्सांनी तसो दुसरो जालो ना. पूण पाटयेन खोटें सांगचें न्हय."

माझ्या तोंडात वाक्य तयार होते. घरून तीनदा म्हणून गेलो होतो. इतक्यात सर म्हणाले, "आनी पळय, चवदा डिसेंबराक टेबलार तूंच. तुज्यासारकें पुस्तक कोण बरयना."

मी "हय सर" म्हणालो. खाली बस स्टँडपर्यंत आलो, तेव्हा माझे कान तापले होते.

सामना झाला की वीस तारखेला पाटी कोरायला जाणार. पितळेवर एकदा कोरले की झाले. सामन्यापर्यंत माझ्याकडे चौतीस दिवस आहेत असे समज.

गौरेश


आमोणे, रविवार, १५ डिसेंबर २०२४

दादा,

काल सामना झाला. सगळे क्रमाने लिहितो.

दोन्ही टीम ओळीने उभ्या होत्या. एका बाजूला आत्ताची मुले, दुसऱ्या बाजूला जुने खेळाडू, बहुतेकांची पोटे सुटलेली. कठड्यावर जागा नव्हती. आईही आली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती टेकडी चढली, गुडघा धरून. मी टेबलावर, समोर नवे पुस्तक. सरांनी शिट्टी तोंडात धरली आणि मी उभा राहून हात वर केला.

सर म्हणाले, "कितें रे? घड्याळ बंद पडलें?"

"ना सर. फाउल."

"सामनो सुरू जावंक ना अजून." लोक हसले.

"हो पयलींचो."

मग मी बोललो. तयार केलेले वाक्य आले नाही, वेगळेच आले, आणि ते मोडके होते. जानेवारी २०२०, दुसरा क्वार्टर, चार बोटे, दुसरा हात दिसला नाही, विचारले नाही, लिहिले. दत्तप्रसादचे चारच फाउल होते. हात खाली घ्यायचे मला सुचले नाही, बोलताना तो वरच होता. नंतर पाहिले तर जुन्यांच्या ओळीत अक्षयचाही हात वर होता. त्याची बायको कठड्यावरून बघत होती.

कुणी हसले नाही. सर टेबलापाशी आले.

"कितलीं वर्सां जालीं?"

"जानेवारीक पांच जातलीं."

"पांच जालीं काय भायर बसपाचें. नियम खबर आसा तुका."

त्यांनी खेळाडूंच्या बाकाकडे बोट केले. टेबलावर ऋतिकाला बसवले. माझ्या हातातले पेन तिने घेतले आणि हळू म्हणाली, "वही पूण घेवन वच मरे." मी ती तिथेच ठेवली.

दादा, तेरा वर्षांत मी त्या बाकावर कधी बसलो नव्हतो. माझी जागा कठड्यावर, नाहीतर त्या एका दिवशी टेबलावर. मी तिसऱ्या जागी बसलो, शेवटची एक मिनिट पन्नास सेकंदे तू बसला होतास तिथे. तिथून टेबल सरळ समोर आहे. लिहिणाऱ्याचा चेहरा दिसतो. पेन दिसते. ऋतिका एका फाउलापाशी थांबली, उठली आणि पंचाला पुन्हा विचारून आली, तेही मला तिथून दिसले.

मध्यंतरात सर माझ्या बाजूला येऊन बसले. कोर्टाकडे बघत बोलले.

"त्या दिसा हांवें ताच्या हातांत पेन दिलें. म्हटलें, सही कर, पुस्तक तपासूंया. तो म्हणालो, नाका सर. टेबलार म्हजो भाव आसा."

समोर ऋतिका पुस्तकाचे पान उलटत होती.

"हांव समजलों, चूक ताची, म्हणून भावाक मदीं हाडटा. पांच वर्सां हांव तेंच समजून रावलों." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठताना अर्ध्यावर थांबले. मग आपला उजवा हात खांद्याइतका वर नेला, आणि खाली घेऊन मुलांकडे गेले.

म्हणजे तुला माहीत होते. त्या बाकावरून तू माझा चेहरा पाहिला होतास. सही केली असतीस तर तालुक्याच्या लोकांसमोर मला उभे केले असते, आणि तू सगळा फाउल स्वतःकडे ठेवून घेतलास. मी पाच वर्षे तुझ्या गप्प राहण्याला राग म्हणत आलो. रागही असेल. असायला हवा. पण त्याच्या आत दुसरे काही होते, ते मला पुस्तकातून कधी दिसले नसते.

शेवटच्या मिनिटाला जुने खेळाडू अकरा गुणांनी मागे होते. आणि ते मैदानभर अंगावर गेले, दादा. पोटे सांभाळत, धापा टाकत. अक्षयने चेंडू हिसकावताना फाउल केला आणि पंचाच्या आधी हात वर केला. कोर्टभर टाळ्या झाल्या, त्याचे तोंड लाल झाले. सात गुणांनी हरले. माझ्या वहीत या सामन्याचे पान कोरे आहे. पहिलेच कोरे पान. मी बाकावर उभा राहून ओरडत होतो असे आई सांगते.

सरांनी पाटीच्या मुद्रितावर रेघ खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिले: २०१९–२०, दत्तप्रसाद कृष्णनाथ गावस. मी एकदाच तपासले.

घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "तो म्हाका दर आयताराक विचारता, आनी घरांत कोण आसा? हांव म्हणटां, कोण ना रे. तूंच म्हटलेलें सांगूं नाका म्हण."

मला हे ऐकू यायचे. मला वाटायचे, मी घरात नाही ना याची तू खात्री करून घेतोस.

पोस्टात विचारले, पत्र पोचायला बारा ते अठरा दिवस लागतात. म्हणजे २९ तारखेचा रविवार धरता येत नाही. ५ जानेवारी धरतो. तू फोन करशील, आई स्पीकर लावेल, मी दाराआड माझ्या जागी असेन. तू "जेवली मगो?" विचारशील, ती उत्तर देईल. मग तू विचारशील, घरात आणखी कोण आहे. तेव्हा मी एकदा खोकेन. मोठ्याने नाही. तू फोन ठेवलास तर आईला सांगेन, रेंज गेली.

गौरेश